एकोणिसाव्या शतकातलं इंग्रज कुटुंब सेन्ससमधून कसं शोधायचं : अगदी नवीन लोकांसाठी

कोणाच्या घरात इंग्रज सून आलीय आणि नातवाला शाळेत फॅमिली ट्री काढून न्यायचाय, कोणी जीआयपी रेल्वेवर काम केलेल्या एखाद्या साहेबाच्या मागे लागलंय, कोणाच्या डोक्यातून पुण्याच्या जुन्या कबरस्तानातलं एक नाव जात नाहीये. कारण काहीही असू दे, इंग्लंडमधलं अगदी साधं मजुराचं कुटुंबसुद्धा घरबसल्या १८४१ पर्यंत मागे नेता येतं आणि त्यातलं मुख्य हत्यार म्हणजे तिथला दर दहा वर्षांचा सेन्सस. आपल्याकडे त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत एका पानावर तीन-चार पिढ्या मिळून जातात तसं तिथे होत नाही. तिथे अमुक एका रात्री अमुक एका छपराखाली कोण कोण झोपलं होतं एवढंच कळतं, आणि अशा रात्री दहा-दहा वर्षांच्या अंतराने जोडत मागे जायचं असतं. नवीन माणूस एकच नाव धरून बसतो आणि तिथेच अडकतो. तुम्ही घर शोधा, म्हणजे आईबाप, भावंडं, त्यांची वयं, जन्मगावं असा सगळा घोळका, कारण विल्यम स्मिथ हजारोंनी मिळतील पण तोच घोळका दुसरीकडे मिळत नाही.

उदाहरणाला एक खरं कुटुंब घेऊया, किपलिंग. जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ साली मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांचीच. बायको ॲलिस, माहेरची मॅकडोनाल्ड. मुलगा रुडयार्ड ३० डिसेंबर १८६५ ला मुंबईतच जन्मला. सरावाला असं प्रसिद्ध कुटुंब बरं पडतं कारण आपण काढलेलं उत्तर बरोबर आहे का ते ताडून बघता येतं. स्वतःच्या नात्यातल्या माणसावर एकदम उडी मारू नका.

पायरी १ : आधी कागद-पेन

जे नक्की माहीत आहे ते लिहून काढा. नाव, अंदाजे जन्मसाल, गाव, धंदा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भावाबहिणींची नावं, त्यातल्या त्यात एखादं विचित्र नाव असेल तर सोन्याहून पिवळं. मग जे सगळ्यात अलीकडचं आहे तिथून मागे जायचं. १९११ किंवा १९०१ मध्ये माणूस पकडला की १८९१, मग १८८१ असं. पुढून मागे येताना प्रत्येक टप्प्याला वय आणि जन्मगाव हातात असतं. उलट्या दिशेने, म्हणजे 'आमचे पूर्वज अमुक सरदार होते म्हणे' असं धरून खाली यायला गेलात तर हमखास दुसऱ्याच कोणाच्या घरात घुसाल.

पायरी २ : कुठल्या वर्षी काय मिळतं

सेन्सस १८०१ पासून आहे, पण १८३१ पर्यंत बहुतेक ठिकाणी नुसती डोकी मोजली, नावं क्वचितच कुठे टिकलीत. नावानिशी पहिला म्हणजे ६ जून १८४१ चा. त्यात नातं लिहिलेलं नाही, आणि जन्मगावाऐवजी 'याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जन्मला का' याचं हो-नाही आहे, किंवा स्कॉटलंड, आयर्लंड, परदेश यांचं एक अक्षर.

खरी मजा १८५१ पासून. कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय का, वय, धंदा, आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) व काउंटी, सगळं येतं. १८६१, ७१, ८१ साधारण तसेच. १८९१ मध्ये माणूस मालक की नोकर आणि घराला पाचपेक्षा कमी खोल्या असतील तर किती, हे वाढलं. १९११ चा तर खजिनाच आहे, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती गेली हे विचारलंय आणि फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला जपून ठेवलाय. नोंदी शंभर वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे सध्या १९२१ पर्यंतच बघता येतात. १९३१ चा आगीत जळाला आणि १९४१ ला युद्धामुळे झालाच नाही, म्हणून पुढची वाट बघण्यात अर्थ नाही. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं हं, स्कॉटलंडच्या नोंदींची सरकारी साइट वेगळी आहे.

पायरी ३ : कुठे बघायचं

पैसे न भरता सुरुवात करायची तर १८८१. याचं पूर्ण ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे वाचून टाइप केलेली नक्कल, मॉर्मन चर्च (एक अमेरिकन ख्रिस्ती पंथ) आणि इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी मिळून केलं होतं, ते फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. फ्रीसेन पण फुकट आहे पण सगळ्या काउंट्या सगळ्या वर्षांच्या नाहीत. मूळ पानांचे स्कॅन बघायचे तर ॲन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट, दोन्ही पैशाचे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आधी गावच्या पब्लिक लायब्ररीत विचारावं, बऱ्याच लायब्रऱ्यांत आत बसून फुकट वापरता येतं, आणि लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये तर येतंच. भारतात बसून करणाऱ्यांनी आधी फुकट इंडेक्सवर सगळी यादी तयार करावी आणि मग एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन एका दमात सगळी पानं उतरवून घ्यावीत. ऑटो-रिन्यू बंद करायचं मात्र त्याच दिवशी, नंतर करू म्हटलं की राहतंच.

पायरी ४ : सर्च करताना कमी भरा

सर्चच्या फॉर्ममध्ये दहा चौकटी दिसल्या की दहाही भरायचा मोह होतो. तसं केलं की एका चौकटीत एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी माणूस गायब. आडनाव, वयाला दोन वर्षं इकडेतिकडे आणि काउंटी एवढंच आधी टाका. नाही आलं तर आडनावातले स्वर काढून तिथे तारकेचं चिन्ह (*) द्या. किपलिंगचं केपलिंग, किपलिन काहीही झालेलं असू शकतं आणि जुन्या वळणाचं के अक्षर आर वाटून रिपलिंगसुद्धा. तरीही नाही आलं तर आडनाव पूर्ण काढून टाका आणि नाव, वय, जन्मगाव यावर शोधा. त्यानेही नाही झालं की भावंड शोधा, ते विचित्र नावाचं भावंड इथे कामाला येतं.

आणि हो, लोक आडनावं बदलायचे. ॲलिसची बहीण जॉर्जियाना, तिचा नवरा म्हणजे चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, तो जन्माने नुसता जोन्स, मधलं बर्न नंतर आडनावाला चिकटलं. त्याचं लहानपण शोधताना बर्न-जोन्स टाकून बसलात तर काही मिळायचं नाही, आणि नुसता जोन्स टाकलात तर हजारो येतील, म्हणून तिथे बर्मिंगहॅम आणि वय दोन्ही लागतात.

पायरी ५ : मूळ पान उघडल्याशिवाय काही खरं मानू नका

ट्रान्सक्रिप्शन म्हणजे कोणीतरी वाचून टाइप केलेलं. मुळात १९०१ पर्यंतचं पानसुद्धा कॉपीच आहे. एन्युमरेटर घरोघर फॉर्म वाटायचा, सेन्ससच्या रात्रीनंतर गोळा करायचा आणि आपल्या वहीत उतरवून काढायचा, ते घरचे फॉर्म नंतर नष्ट केले. म्हणजे चूक व्हायला आधीच दोन-तीन जागा आहेत. नवऱ्याने चुकीचं सांगितलं, एन्युमरेटरने चुकीचं ऐकलं किंवा उतरवलं, आणि दीडशे वर्षांनी टाइप करणाऱ्याने चुकीचं वाचलं.

पान उघडलं की आधी वरची पट्टी वाचा, कुठला पॅरिश, कुठलं गाव. मग डावीकडे फॉर्मचा नंबर आणि रस्ता. घरं वेगळी कशी ओळखायची तर नावांच्या शेजारी तिरप्या रेघा असतात, दोन रेघा म्हणजे इमारत संपली, एक रेघ म्हणजे त्याच इमारतीतलं दुसरं कुटुंब सुरू. ही रेघ न बघता खालच्या भाडेकरूची मुलं वरच्याच्या नावावर घालणारे खूप आहेत. वयाच्या रकान्यावर काळ्या फराट्या दिसतील, त्या नंतर कचेरीत बेरजा करणाऱ्या कारकुनांच्या, त्यामुळे ३ चा ८ वाटतो, नीट झूम करा. 'डी ओ' असं दिसलं तर ते 'वरीलप्रमाणे'. दोन एस जोडून आले की पहिला एस लांब काढायची पद्धत होती, तो एफसारखा दिसतो, म्हणून जेसी नावाची मुलगी इंडेक्समध्ये भलत्याच नावाने बसलेली असते.

धंद्याच्या रकान्यात 'एजी लॅब' म्हणजे शेतमजूर, हे इतक्या वेळा येईल की कंटाळाल. १८४१ मध्ये 'एफ एस' म्हणजे मोलकरीण, 'इंड' म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा. 'स्कॉलर' बघून हुरळून जाऊ नका, चार वर्षांच्या शाळेत जाणाऱ्या पोरालाही तेच लिहायचे. नात्याच्या रकान्यात 'सन-इन-लॉ' असेल आणि तो आठ वर्षांचा असेल तर तो जावई नाही, सावत्र मुलगा आहे. याने तर आईचं आधीचं लग्न हातात येतं, अशी नोंद दिसली की खूश व्हायचं.

एक पान पुढे आणि एक पान मागे बघायची सवय लावून घ्या. कुटुंब पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानावर सांडतं, आणि शेजारच्या दारात बरेचदा आजी, नाहीतर मोठा भाऊ राहत असतो.

पायरी ६ : वयाचं गणित

नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. जॉन लॉकवूडचा जन्म ६ जुलै १८३७. १८४१ चा सेन्सस ६ जूनला, म्हणजे त्याला चार पूर्ण व्हायला एक महिना कमी, वय लिहिलं जाणार ३. १८४१ वजा ३ म्हणजे १८३८. १८५१ ला ३० मार्चची रात्र, वय १३, परत १८३८. १८६१ ला ७ एप्रिल, वय २३, परत १८३८. तीन सेन्सस एकमताने १८३८ सांगतायत आणि तिन्ही चूक, कारण सेन्सस व्हायचा मार्च-एप्रिलमध्ये नाहीतर जूनच्या सुरुवातीला आणि निम्म्याहून जास्त लोकांचा वाढदिवस त्याच्या नंतर. म्हणून वजाबाकी करून जे वर्ष येईल ते आणि त्याच्या आधीचं, अशी दोन्ही वर्षं शोधायची.

बायकोचं त्याहून गमतीचं. ॲलिस ४ एप्रिल १८३७ ची. १८५१ चा सेन्सस ३० मार्चला, तिचा वाढदिवस पाच दिवसांवर, वय १३. १८६१ चा ७ एप्रिलला, वाढदिवस होऊन तीन दिवस झालेले, वय २४. दहा वर्षांत पोरगी अकरा वर्षांनी मोठी झाली आणि दोन्ही वेळा वय खरंच सांगितलेलं. दोन सेन्ससमध्ये वर्षभराचा फरक दिसला म्हणून 'ही ती नाही' असं लगेच ठरवू नका. त्यात परत लोकांना स्वतःचं वय नीट माहीत नसायचं, नोकरीसाठी वाढवायचे, लग्नानंतर कमी करायचे. दोन-तीन वर्षांची ढील द्याच.

१८४१ मध्ये तर नियमच वेगळा होता, पंधराच्या वरच्या माणसाचं वय पाचच्या पाढ्यात खाली आणायचं. २९ चा माणूस २५, ३४ चा ३०. सगळ्या एन्युमरेटरांनी तो पाळला नाही, पण '२५' दिसलं की ते २५ ते २९ असं समजायचं.

पायरी ७ : जन्मगावाचा रकाना

माझ्या मते अख्ख्या सेन्ससमधला सगळ्यात बोलका रकाना हाच. मॅकडोनाल्ड कुटुंबच बघा. बाप जॉर्ज ब्राउन मॅकडोनाल्ड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक, आणि त्या लोकांची दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची, आपल्याकडच्या बँकवाल्यांसारखी. त्यामुळे ॲलिस शेफील्डची, जॉर्जियाना बर्मिंगहॅमची, ॲग्नेस लीड्सची, लुईसा वेकफील्डची. मुलांची वयं आणि जन्मगावं एका ओळीत मांडली की बाप १८३७ ला कुठे होता, १८४० ला कुठे, १८४३ ला, १८४५ ला कुठे हे आपोआप कळतं, आणि सेन्सस झालाच नाही त्या मधल्या वर्षांतही तुम्हाला घराचा पत्ता मिळतो. बाप्तिस्म्याच्या नोंदी कुठल्या गावात शोधायच्या तेही इथूनच ठरतं. उलट सगळी मुलं एकाच खेड्यातली असतील तर त्या खेड्याचं चर्चचं रजिस्टर धरा, बहुतेक सगळं खानदान तिथेच मिळेल.

एकच काळजी, माणसं दर वेळी वेगवेगळं सांगतात. घरापासून लांब असली की जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगणार, जवळ असली की वाडीचं. नकाशा शेजारी उघडा ठेवा, दोन नावांत तीन मैलांचं अंतर असेल तर तो एकच माणूस.

पायरी ८ : जन्म-लग्न-मृत्यूच्या इंडेक्सशी गाठ घाला

सरकारी जन्मनोंद इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ ला सुरू झाली. आता आपल्या जोडप्याकडे बघा, जॉन लॉकवूड सुरुवातीनंतर पाच दिवसांनी पिकरिंगला जन्मला आणि ॲलिस तीन महिने आधी. म्हणजे त्याची नोंद इंडेक्समध्ये असू शकते, तिची असणं शक्यच नाही, तिच्यासाठी मेथडिस्ट बाप्तिस्म्याचं रजिस्टरच हवं. त्याचीही असेलच असं नाही, कारण सुरुवातीची बरीच वर्षं नोंद न केल्याबद्दल कोणी फारसं धरत नव्हतं, सक्ती आली ती १८७५ पासून.

जीआरओ म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिस, तिथलं जन्म-मृत्यू नोंदणीचं खातं, त्याच्या सरकारी साइटवर इंडेक्स फुकट बघता येतो आणि त्यात जन्माच्या नोंदीला आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, हे फार म्हणजे फार उपयोगी. सेन्ससमध्ये फक्त 'ॲलिस, पत्नी' दिसतं, माहेर दिसत नाही. मुलांच्या जन्मनोंदी काढल्या की माहेर कळतं, आणि मग फ्रीबीएमडी या फुकट साइटवर लग्न सापडतं, कारण जीआरओच्या साइटवर लग्नांचा इंडेक्स नाहीये. मधेच एका मुलापासून माहेरचं नाव बदललं तर समजा पहिली बायको गेली आणि दुसरी आली.

नोंदी तिमाहीने आहेत, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, आणि तिमाही जन्माची नाही, नोंद केल्याची. सहा आठवड्यांची मुदत असायची, त्यामुळे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत. जिल्ह्याचं नावही गावाच्या नावाशी जुळेलच असं नाही.

पायरी ९ : माणूस गायब असेल तर

किपलिंग मंडळी इथे उत्तम उदाहरण आहेत. रुडयार्ड आणि बहीण ट्रिक्स यांना १८७१ साली मुंबईहून इंग्लंडला नेलं आणि साउथसीला एका परक्या घरात ठेवलं, रुडयार्ड तिथे १८७७ पर्यंत होता. पण १८७१ चा सेन्सस २ एप्रिलला झाला तेव्हा ही मुलं अजून मुंबईतच होती आणि पुढचा १८८१ ला. म्हणजे त्याच्या लहानपणातली ती सगळी वर्षं दोन सेन्ससच्या मधे पडली, इंग्लंडच्या एकाही पानावर नाहीत. ट्रिक्सचा जन्म मात्र १८६८ चा आणि तोही लंडनचा, कारण आई बाळंतपणाला बहिणीकडे गेली होती, म्हणजे एका भावंडाची नोंद इंग्लंडच्या इंडेक्समध्ये आणि दुसऱ्याची मुंबईच्या चर्चच्या रजिस्टरात. आईबाप म्हणाल तर ॲलिस नोव्हेंबर १९१० ला गेली, जॉन लॉकवूड जानेवारी १९११ ला, आणि तो सगळ्यात तपशीलवार सेन्सस झाला २ एप्रिल १९११ ला. दोघंही थोडक्यात हुकले.

तेव्हा गायब माणसासाठी क्रमाने बघायचं. मूल शाळेत राहत होतं का, कारण जॉन लॉकवूडसारखी मेथडिस्ट उपदेशकांची मुलं वूडहाउस ग्रोव्हच्या बोर्डिंगात असायची आणि त्यांची नावं घरी नाही, शाळेच्या पानावर. मोठं माणूस नातेवाइकाकडे पाहुणं होतं का. मुलगी दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण होती का, बारा-तेरा वर्षांच्या मुली सर्रास असायच्या. वर्कहाउस (गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा), तुरुंग, दवाखाना, बराक, जहाज. वेड्यांच्या इस्पितळांत तर काही वर्षी नुसती आद्याक्षरं लिहिलीत. आणि काही पानं खरंच नाहीत, १८५१ च्या मँचेस्टर भागाचे कागद पाण्याने खराब झालेत.

त्या काळी भारतात असलेल्या इंग्रजांसाठी इंग्लंडचा सेन्सस उपयोगाचा नाही. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदींत आहेत, मुंबई इलाख्याची मालिका एन/३, आणि फिबिस नावाच्या संस्थेचा फुकट डेटाबेस आहे तिथून सुरुवात करा. अपवाद १९११ चा, त्यात परदेशातल्या छावण्यांमधले गोरे सैनिक नावानिशी मोजलेत, भारतातले पण. उलट बाजूने, परत गेलेलं कुटुंब शोधताना जन्मगाव 'बॉम्बे' टाकून थांबू नका, एन्युमरेटरने नुसतं 'इंडिया' किंवा 'ईस्ट इंडीज' लिहून पुढचं घर गाठलेलं असतं.

पायरी १० : नोंद कशी ठेवायची

स्क्रीनशॉट काढून 'किपलिंग२' नावाने सेव्ह करू नका. प्रत्येक पानाला सरकारी पत्ता असतो. १८४१ आणि १८५१ ला एचओ १०७, मग १८६१ ला आरजी ९, १८७१ आरजी १०, असं करत १९११ ला आरजी १४. त्यापुढे पीस नंबर (मूळ कागदांच्या गठ्ठ्याचा), फोलिओ आणि पान, १९११ ला मात्र पीस आणि शेड्यूल म्हणजे फॉर्मचा नंबर. फोलिओ म्हणजे उजव्या कोपऱ्यात शिक्का मारलेला आकडा, तो एक सोडून एक पानावर असतो, त्यामुळे मागच्या बाजूला दिसला नाही तर आधीचं पान बघा. हे चार आकडे लिहिलेत की कुठल्याही साइटवर, कुठल्याही देशात तेच पान परत उघडता येतं, साइट बंद पडली तरी.

शेजारी एक साधी शीट करा, ओळीत माणसं, रकान्यात सेन्ससची वर्षं, आणि चौकटीत वय व गाव. जी चौकट रिकामी राहील तिथे 'सापडला नाही' आणि 'शोधलाच नाही' हे वेगवेगळं लिहा, दोन महिन्यांनी परत बसलात की याचीच गरज पडते. दुसऱ्याने ऑनलाइन टाकलेला तयार ट्री मिळाला तर बघा जरूर, पण त्यात वरचे चार आकडे दिलेले नसतील तर त्यातली एकही चौकट आपल्या शीटमध्ये उचलून घेऊ नका.